कान नसलेला रेडिएटर

तार्तूच्या आमच्या होस्टेलात
रेडिएटरला कळच नाही.
ऑक्टोबरात तापतो, एप्रिलअखेर निवतो,
मधे कुणाच्या बापाचं ऐकत नाही.
कान पिळायचा म्हटलं
तर कान तरी हवा ना.

बाहेर उणे अठरा, आत सत्तावीस.
म्हणून भर जानेवारीत खिडकी सताड उघडी
आणि खिडकीखाली बिनबाह्यांच्या बनियनवर
लोकरीचे मोजे रफू करत बसलेली केर्तू.

केर्तू माझी रूममेट. वनशास्त्र, दुसरं वर्ष.
तिनं भिंतीवर नियम लावलेले नाहीत.
लावले असते तर मला फाडता तरी आले असते.
ती नुसती करत राहते.
अंड्याचं घड्याळ लावून तीन मिनिटांत अंघोळ.
बाजारात स्वतःची बरणी,
आधी रिकामी तोलायची, मग आंबवलेल्या कोबीसकट,
आणि मागे रांग खाकरत उभी.
राईच्या पावाच्या वाळक्या कडा ती भिजवते,
मनुका घालून त्यांचं सूप करते.
चहाची एक पिशवी दोघींना, दोनदा.
माझा भाऊ आला होता. घोट घेऊन म्हणाला,
हा चहा आहे की चहाची वार्ता?

फेब्रुवारीत एकदा
मी दह्याचा डबा न धुताच टाकला.
तिनं तो कचऱ्यातून काढला,
धुतला, पालथा घातला. बोलली काही नाही.
ते न बोलणंच मला झोंबलं.
म्हटलं, बाई, तू डबे विसळतेस,
आणि ही खिडकी?
अख्ख्या गावाची ऊब ही रात्रभर
आभाळाला वाटत बसते, ती कोण विसळणार?

केर्तू उठून अंघोळीला गेली.
आतलं घड्याळ वाजलं.
पाणी थांबलं नाही.
अकरा मिनिटं. मी मोजली.
मोजली म्हणून माझीच मला लाज वाटली.

सकाळी ती कागद घेऊन दारोदार.
चौथ्या मजल्यावरच्या बुद्धिबळवाल्यांनी
न वाचताच सह्या ठोकल्या.
तळमजल्यावरचा लाशा, तिबिलिसीचा,
दोन कोट घालून दारात आला.
म्हणाला, मला थंडी वाजते, मी सही करणार नाही.
केर्तूनं मान डोलावली
आणि रफू केलेले मोजे त्याला देऊन आली.
सही नाही दिली. मोजे ठेवून घेतले.

व्यवस्थापक हेल्वेबाई म्हणाल्या, बघू.
आमच्याकडे ‘बघू’ला तीन हिवाळे लागतात.
केर्तू दर सोमवारी जाऊन
त्यांच्या दारात उभी राहायची,
बघितलं का, एवढंच विचारायची.

एप्रिलच्या अठराला हेल्दुर प्लंबर आला.
एक्केचाळीस खोल्यांना तीन कळा घेऊन.
हेल्वेबाईंनी चिठ्ठ्या टाकल्या.
एक बुद्धिबळवाल्यांना, एक लाशाला,
त्याला नकोच होती,
आणि एक आम्हाला.

हेल्दुर गुडघ्यावर बसून पाना फिरवत म्हणाला,
आठवड्याभरात हीटिंग बंद होणार,
जूनमध्ये तुम्ही दोघी जाणार,
मग हा खटाटोप कुणासाठी, पोरींनो?
केर्तूनं त्याच्यापुढे सूपचा वाडगा ठेवला.
त्यानं मनुका तेवढ्या वेचून खाल्ल्या.

तो गेल्यावर तिनं कान धरला.
उजवीकडे पिळला.
लोखंडाच्या पोटात गुडगुडलं,
मग एक उचकी, मग काही नाही.
तिनं खिडकी लावली.

रस्ता इतका बोलत होता
हे आम्हाला तो गप्प झाल्यावर कळलं.
शेजारच्या खोलीत कुणी तरी शिंकलं,
ते नीट ऐकू आलं.
केर्तू बिछान्यावर आडवी झाली
आणि बुटांसकट झोपून गेली.

मी दह्याचा डबा धुतला.
झाकण, झाकणाची खाचसुद्धा.
ती जागी नाही
एवढं आधी बघून घेतलं.